मी गाळलेली ओळ

रोज सकाळी सातच्या सुमारास माझ्या फोनवर जिल्ह्याच्या हवामानाचा अंदाज येतो. शेतकऱ्यांच्या कुठल्याशा गटात माझा नंबर कोणीतरी घातला आणि तो तिथेच राहिला. मजकुराची भाषा ठरलेली असते. ‘भंडारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी, दुपारनंतर मेघगर्जना व विजांचा कडकडाट, त्यानंतर कमाल तापमानात हळूहळू वाढ.’ ही तुरळक ठिकाणं कोणती, ते कोणी सांगत नाही. साकोलीकडे पडला की आमचे लोक म्हणतात, तो त्यांचा तुरळक होता. अड्याळकडे पडला की म्हणतात, हा आपला. आमचं गाव अड्याळच्या बाजूला आहे.

मी शेजारच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे गावात मी मॅडम, आणि अंदाज वाचून दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सकाळी चहाच्या वेळी दोन-चार बायका ओट्यापाशी थांबायच्या, मी फोन हातात धरून वाचायची आणि वर दोन वाक्यं पदरची जोडायची. पाणी म्हणजे आमच्याकडे पाऊस. पाणी येईल का, किती येईल, उघाड कधी पडेल, एवढंच त्यांना हवं असायचं.

माझी थोरली जाऊ मात्र पाण्याचं कधी विचारायची नाही. आमच्या चुली दोन असल्या तरी अंगण एकच आहे. ती आपला चहाचा कप घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि सगळ्यांचं विचारून झालं की म्हणायची, “ईजेचं काय म्हणते वं?”

जाऊ पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले आणि डोकं नंतर. पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडे मानतात, आणि जो त्याच्याजवळ बसेल तोही जातो असंही मानतात. ही गोष्ट सुइणीनं तिच्या माहेरी सांगितली, आणि लग्नानंतर तिच्या पेटीसोबत आमच्या गावातही आली. आभाळ कडाडायला लागलं की लोक तिला हाकलत नसत. बोलणं थांबायचं आणि जो तो जरा बाजूला सरकायचा. मग ती स्वतःच उठून जायची. माहेरी गोठ्यात बसायची, इथे मागच्या पडवीत. अंदाजात वीज असली की त्या दिवशी तिचे गुडघे दुखायचे आणि ती कोणाच्या कामाला जायची नाही. पन्नाशी गाठली तरी हेच चाललं होतं.

मला याची भयंकर चीड यायची. एकदा मी तिला समोर बसवून सांगितलं, “बाई, जन्मताना पाय आधी आला की डोकं, हे त्या ढगाला कसं कळणार?”

ती हसली. “ढगाले नाई कळत वं. लोकांले कळते.”

मी विषय बदलला आणि शाळेत जाऊन मुलांवर राग काढला. त्या आठवड्यात विजेचा धडा मी दोन तास शिकवला. वीज उंच गोष्टीवर पडते, झाडाखाली उभं राहू नये, उघड्या शेतात थांबू नये, पक्क्या खोलीत जावं, हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून त्याचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावला. तो अजून तिथेच आहे.

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या ऐन दिवसांत पाण्यानं दडी मारली. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, थोराड होत चालले. मग एका शनिवारी बरी सर आली, आमच्या वाट्याच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी साचलं आणि संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरनं चिखलणी उरकली. रोवणाऱ्या बायकांची टोळी फक्त रविवारी मोकळी होती. सोमवारपासून त्या शहापूरकडे कोणाच्या तरी शेतावर जाणार होत्या. त्या टोळीत माझ्या जावेचा हात सगळ्यात चालता. ती पुढे लागली की बाकीच्या तिच्या वेगानं ओढल्या जायच्या. ती आली नाही की तिच्या दोघी-तिघी मैत्रिणीही काही ना काही कारण काढायच्या, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी अंदाज आला. वर दिला आहे तोच, शब्दन् शब्द. जाऊ चहा घेऊन बसली होती.

मी वाचलं, “तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी. त्यानंतर तापमानात हळूहळू वाढ.”

“आन् ईजेचं?”

“काही नाही लिहिलं.”

ती म्हणाली, “मंग चाल,” आणि पावसाची खोळ आणायला गेली.

मधली ओळ मी गाळली. चुकून नाही, डोळ्यांसमोर असताना गाळली. त्या वेळी मी मनाची समजूत अशी घातली की अंधश्रद्धेला खतपाणी घालायचं नाही. ती एक दिवस शेतात राहील, काही होणार नाही, आणि तिच्या डोक्यातलं खूळ कायमचं निघेल. म्हणजे मी समाजसुधारणा करत होते. खरं कारण एवढंच होतं की माझ्या बांध्या रिकाम्या होत्या आणि मला हात हवे होते.

सकाळ छान गेली. हलक्या सरी येत-जात राहिल्या. बायकांनी डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी घेतल्या होत्या आणि चिखलात वाकून रोवणी चालली होती. माझी सात वर्षांची मुलगी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पऱ्ह्यांच्या पेंड्या पुढे टाकत होती. मीही दोन तास वाकले. माझी ओळ पाहून एकजण म्हणाली, “मॅडम, फळ्यावर बी असंच लिहिता काजी?” सगळ्या खदखदल्या. जाऊ सगळ्यांच्या पुढे होती आणि तिची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ जात होती. मधे तिनं एकदा कंबर सरळ केली, आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. दर थोड्या वेळानं ती असं पाहत होती, हे मला दिसत होतं. मी दुसरीकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर पश्चिमेकडून काळं भरून आलं. वारा सुटला, मग गडगडायला लागलं. धुऱ्याच्या कडेला आमची पंपाच्या मोटारीची खोली आहे. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पत्र्याचं दार. आत मोटार, स्टार्टरची पेटी, खताच्या दोन-चार पिशव्या आणि उरलेली जागा. आम्ही सगळ्या धावत तिकडे गेलो. नऊ बायका, मी आणि मुलगी.

जाऊ दाराबाहेरच थांबली. तिच्या अंगावरून पाणी गळत होतं.

“बाई, आत या,” मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

तिनं आतल्या बायकांकडे पाहिलं. ती आत आली आणि दाराला लागून खाली बसली. माझी मुलगी लगेच तिच्या मांडीवर जाऊन बसली, कारण घरी तिची तीच जागा. शेजारच्या दोघींनी पाय आखडून घेतले. टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “मॅडम म्हणते त बस बापा. पन लेकराले दूर ठेव.”

माझं डोकं सटकलं. मी उभी राहिले आणि सुरू झाले. वीज म्हणजे काय, ढगात भार कसा साठतो, माणसाच्या जन्माशी तिचा काही संबंध कसा नाही. अकरा माणसांच्या त्या कोंदट खोलीत मी वर्ग घेत होते. “शिकलेल्या माणसांनी तरी,” असं काहीतरी मी म्हणत होते.

तेवढ्यात उजेड आणि आवाज एकदमच झाले. अगदी डोक्यावर. आणि माझा हात पुढे गेला, त्यानं मुलीचा दंड धरला आणि तिला जावेच्या मांडीवरून खेचून माझ्याकडे ओढलं.

मी ठरवून केलं नाही. पण दुसऱ्या कोणी केलं असंही नाही. माझं वाक्य अर्धंच राहिलं. मुलगी घाबरून माझ्याकडे पाहत होती, कारण मी तिला इतक्या जोरात कधी धरलं नव्हतं. जावेनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग ती उठली, खोळ डोक्यावर ओढली आणि बाहेर गेली. तिला कोणी जा म्हटलं नाही, आणि थांबही म्हटलं नाही.

वाऱ्यानं दार आपटत होतं आणि पाणी आत येत होतं. मी दार ओढून घेतलं. दार नुसतं ओढलं तरी बसतं, त्याला कडी लावायची गरज नसते. मी कडी लावली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांवर किती वेळा फेकली असेल. त्या अंधाऱ्या खोलीत ती मला आठवलीही नाही. मला एवढंच वाटत होतं की मुलगी माझ्या हातात आहे आणि दार बंद आहे. मुलगी दाराकडे झेपावत होती. “मोठीआई बाहेर आहे, आई, मोठीआई बाहेर आहे.” मी तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं. बायका खाली पाहत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील.

मग ती वीज पडली. दाराच्या फटीतून पांढरा उजेड आत आला आणि खोली हादरली. स्टार्टरच्या पेटीतून ठिणगी उडाली. जळका वास आला. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं उघडी दिसत होती. मी कडीशी गेले, पण माझी बोटं चालेनात. कडी वर सरकवायची की बाजूला, तेच कळेना. शेवटी म्हातारीनं मला बाजूला ढकललं आणि दार उघडलं.

धुऱ्याच्या टोकाचं मोहाचं झाड शेंड्यापासून बुडापर्यंत उभं चिरलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. त्याच्या अलीकडे, आम्ही सकाळीच रोवलेल्या बांधीत, जाऊ कुशीवर पडली होती. खोळ लांब उडाली होती.

मी रोवलेल्या धानातून धावत सुटले. दोनदा पडले. माझ्या मनात एकच होतं, तोंड पाण्यात नसू दे. तोंड पाण्यात नव्हतं. डोळे उघडे होते. मी तिला हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तिच्या काखेत हात घालून तिला धुऱ्याकडे ओढू लागले. तिचं अंग इतकं जड लागलं की मला वाटलं, गेली. मी रडत नव्हते. तोंडानं नुसतं “नाही, नाही” म्हणत होते. मग तिचा हात हलला. तिनं माझं मनगट धरलं आणि बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं ओरडली, “पोरगी कुठी आहे?”

तिला अड्याळच्या दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी काढली, ती ठीक निघाली. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, पाय भाजल्यासारखे झाले होते. रात्रभर ठेवून घेतो म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर चिखलाच्या कपड्यांनीच बसले होते. डोळ्यांसमोर झाडही येत नव्हतं आणि ती पडलेलीही येत नव्हती. ती कडीच येत होती.

मला वाटलं होतं, गाव मला नावं ठेवेल. मी तयारीत होते. सोमवारी सकाळी नळावर एकजण म्हणाली, “मॅडम, बरं केलं तुमी दार लावलं. आत असती त दहाजणी गेल्या असत्या.” दुसरी म्हणाली, “ईज तिच्यासाठीच आली होती, पन हुकली.” त्या माझं कौतुक करत होत्या. मी बादली हातात घेऊन उभी राहिले. मोहाचं झाड त्या शिवारात सगळ्यात उंच होतं, जाऊ नागपूरला बसली असती तरी वीज तिथेच पडली असती, हे मला तिसरीतल्या मुलालाही समजेल असं सांगता आलं असतं. उघड्या बांधीत माणूस पाठवणं हाच सगळ्यात मोठा धोका, हेही सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आला असता, मग मॅडम, तुम्ही तिला बाहेर का ठेवलं? मी बादली भरली आणि घरी आले.

अंदाजाचा दुसरा भाग तंतोतंत खरा निघाला. सोमवारपासून उघाड पडली आणि ऊन वाढत गेलं. बांध्यांतलं पाणी दुपारी हाताला कोमट लागायचं.

सोमवारी संध्याकाळी जाऊ घरी आली. मंगळवारी सकाळी ती कानात कापूस घालून माझ्या ओट्यावर चहा घेऊन बसली. मी आत भात टाकत होते. फोन वाजला. मी हात पुसून बाहेर येणार, तेवढ्यात तिचा आवाज आला.

“तू वाच वं,” ती माझ्या मुलीला म्हणत होती. “पाहू, कसं वाचता येते.”

मुलगी दुसरीत आहे. जोडाक्षरावर अडते. ती बोट लावून एकेक अक्षर वाचू लागली आणि जाऊ बरा कान तिच्याकडे करून ऐकू लागली. कोरडं हवामान, तापमानात वाढ. वीज नव्हती. वाचून झालं तरी मुलीला थांबायचं नव्हतं. तिनं अंगठ्यानं मजकूर खाली ओढला.

“हे रविवारचं आहे, मोठीआई. वाचू?”

मी दारात उभी होते. मला फोन हिसकावून घेता आला असता.

“दु-पा-र-नं-तर,” मुलगी वाचत होती, “मे-घ-ग-र्ज-ना. व. वि-जां-चा. कड-क-डाट.”

“चांगली वाचते,” जाऊ म्हणाली. तिनं चहा संपवला, कप विसळला आणि आपल्या घरात गेली. मला काहीच विचारलं नाही. मी दिवसभर वाट पाहिली. बुधवारीही विचारलं नाही, गुरुवारीही नाही. रोज सकाळी ती येऊन मुलीकडून अंदाज वाचून घ्यायची. माझ्याशी भाजीचं बोलायची, शाळेचं बोलायची. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी वाचले असते, असं मला वाटायचं.

पायाळू माणसाची दुसरी बाजू मी अजून सांगितली नाही. पाठीत चमक भरली की पायाळू माणसानं पाय लावला म्हणजे ती निघते, असंही आमच्याकडे मानतात. ऊन चढायच्या आत उंबऱ्यापुढे पालथं झोपायचं आणि त्यानं डाव्या पायानं तीनदा पाठ दाबायची. रोवणी संपली की गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठी धरलेल्या असतात. पुढच्या रविवारी त्या आल्या. मोटारीच्या खोलीत पाय आखडून घेणाऱ्या दोघी आल्या, म्हातारी आली. एकेक जण पालथी झोपत होती आणि जाऊ भिंतीला धरून, आपला दुखरा पाय उचलून, त्यांच्या पाठीला लावत होती. हे पाहून मला पुन्हा राग यायला हवा होता. तो आला नाही.

माझीही पाठ गेली होती. तिला बांधीतून ओढताना चमक भरली होती आणि आठवडाभर मला नीट वाकता येत नव्हतं. मलम झालं, गोळ्या झाल्या. म्हातारी म्हणाली, “मॅडम, तुमी बी झोपा ना. पाहा त खरं.” आणि मी जाऊन झोपले. पालथी, सगळ्यांच्या देखत, नाक जमिनीला लावून.

पाय आला नाही.

“तू त मानत नाई ना?” जाऊ म्हणाली. कान गेल्यापासून ती मोठ्यानं बोलते, त्यामुळे अंगणभर ऐकू गेलं.

नाही म्हटलं असतं तर कडी कशाला लावली, हे सांगावं लागलं असतं.

“मानते,” मी म्हणाले. इतकी वर्षं खडू घासून शेवटी तो शब्द माझ्या तोंडातून किती सहज निघाला, याचाच मला धक्का बसला.

तिचा पाय माझ्या पाठीवर आला. हलकाच. “मंग दार लावलं त्याचा मले राग नाई,” ती म्हणाली. “भेव सगळ्यांलेच वाटते.”

पाय उचलला, दुसऱ्यांदा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवला आणि उचललाच नाही.

“पन मानत होती तू,” ती म्हणाली, “त सकाळी सांगतलं काहून नाई?”